बागेतल्या जिओकॅशला परवानगी मिळत नाही? अर्ज नेमका कुठं अडतो ते बघू

"बागेत कॅश ठेवणार? किती?"

टेबलापलीकडच्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवून हे विचारलं, तेव्हा कुठं मला उमगलं की माझा अर्ज दीड महिना का पडून होता. विषयाच्या ओळीत मी ऐटीत लिहिलं होतं, "उद्यानात जिओकॅश लपवण्यास परवानगी मिळणेबाबत." जिओकॅश म्हणजे जीपीएसवर शोधायच्या खेळातला डबा, पैशांचा त्यात संबंध नाही. अर्जाच्या कोपऱ्यात लाल शाईत शेरा होता: लेखा विभाग. म्हणजे कुणीतरी "कॅश" वाचलं आणि तो कागद हिशेबवाल्यांकडं मार्क केला. हिशेबवाल्यांनी बघितलं, आपला विषय नाही म्हणून परत पाठवला. परत आलेला कागद कुणाचाच नव्हता, म्हणून तो गठ्ठ्यात सगळ्यांत खाली गेला. कार्यालयाचं नाव सांगत नाही. चूक त्यांची नव्हतीच, माझी होती.

सोलापुरात आणि आसपास हा खेळ खेळणारे आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तरी वर्षातून दोन-तीन वेळा कुणीतरी तोच प्रश्न घेऊन येतं. रूपं तीन. पहिलं, अर्ज दिला, उत्तरच नाही. दुसरं, साहेब तोंडी "ठेवा की" म्हणाले, पण कागद देत नाहीत. आणि तिसरं, सगळ्यांत चीड आणणारं: परवानगी आहे, शिक्का आहे, सही आहे, पण डबा पंधरा दिवसांत गायब. मी तिन्ही भोगलंय. माझे सध्या दोन डबे चालू आहेत, एक कायमचा बंद झालाय. जमलं ते आणि फसलं ते, दोन्ही इथं लिहिते.

खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. मे २००० मध्ये अमेरिकी सरकारनं नागरी जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक बंद केली, आणि लगेच ३ मे रोजी ओरेगॉन राज्यात बीव्हरक्रीकजवळ डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थानं एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. लोक शोधत गेले. तेव्हापासून हेच चालू आहे. कुणीतरी डबा ठेवायचा, त्यात एक वही, बाकीच्यांनी जीपीएसवर शोधून वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तिथं परत ठेवायचा. खेळाच्या संकेतस्थळावर डबा दिसण्याआधी एक स्वयंसेवक परीक्षक तो तपासतो, आणि जागेच्या मालकाची परवानगी आहे का हा त्याच्या पहिल्या काही प्रश्नांतला एक.

आधी हे बघा: बाग कुणाची?

गेट, कारंजं आणि घसरगुंडी दिसली की आपण ती महापालिकेची धरून चालतो. दर वेळी तसं नसतं. विजापूर रस्त्यावरचं सिद्धेश्वर वनविहार वनखात्याचं आहे. भुईकोट किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडं आहे. सिद्धेश्वर मंदिराचा परिसर देवस्थानच्या पंचकमिटीचा. हिप्परग्याचा एकरुख तलाव जलसंपदा खात्याचा. आणि शहराच्या कडेला नव्या वसाहतींमधून जी छोटी छोटी हिरवी चौकोनं दिसतात, ती ले-आउटमधली ओपन स्पेस असते. ती कुणी सोसायटी बघते, कुणी महापालिका, तर कधी कुणीच बघत नाही.

कागदावर खात्री करायची असेल तर नगर भूमापन कार्यालयातून प्रॉपर्टी कार्ड काढा. मी त्याआधी एक सोपी चाचणी करते. बागेत पाणी घालणाऱ्या मामांना विचारते, "मामा, पगार कुणाकडनं येतो?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "ठेकेदाराकडनं." मग दुसरा प्रश्न: "ठेका कुणी दिला?" या दुसऱ्या उत्तरात तुमच्या अर्जाचा पत्ता असतो. दोन प्रश्न, पाच मिनिटं, आणि चुकीच्या दारावर घालवायचा एक महिना वाचतो.

काही जागा सरळ सोडून द्या. किल्ल्याच्या आत डबा नको. १९५८ च्या कायद्यानं ते संरक्षित स्मारक आहे. किल्ल्याला खेटून असलेल्या बागेतही माझा हात आखडतो. स्मारकाभोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित, असा नियम आहे. तो नियम बांधकामासाठी आहे, आपला डबा काही बांधकाम नाही. पण फायलीवरचा माणूस सावध असेल, आणि असावाच, तर तो "पुरातत्त्वचे अभिप्राय घ्यावेत" असं लिहून मोकळा होतो. एक कार्यालय सांभाळता येत नाही तिथं दोन कुठून सांभाळणार?

नान्नजच्या माळढोक अभयारण्याचं तर नावही काढू नका. तिथं माणसांचा वावर वाढवायचा नसतो. तिथले माळ ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. शाळा, रेल्वे, धरण, विमानतळ, सरकारी इमारती, लष्करी जागा यांच्याजवळचे डबे तर खेळाच्या नियमांतच अडतात.

अर्ज देण्याआधी एक काम, जे मी केलं नव्हतं

दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर लागतं. मूळ नियम मैलाच्या दहाव्या भागाचा, म्हणून आकडा असा विचित्र. अक्षांशाच्या मिनिटांत मोजलं तर साधारण ०.०८७. आता तुम्ही म्हणाल, सोलापुरात डबेच किती, अंतराची काय चिंता? चिंता अशी की कोडं सोडवून किंवा टप्प्याटप्प्यानं शोधायच्या डब्याचा शेवटचा ठिकाणा नकाशावर दिसत नाही. तो फक्त ठेवणाऱ्याला आणि परीक्षकाला माहीत असतो. म्हणून आधी डब्याचं पान अर्धवट तयार करा, ठिकाण टाका आणि परीक्षकाला एवढंच विचारा की ही जागा मोकळी आहे का. उत्तर आलं की मगच अर्जाला लागा. नाहीतर सही-शिक्क्याचं पत्र हातात घेऊन बसाल आणि तिकडून निरोप येईल: जागा पन्नास मीटर सरकवा. मग पुन्हा तेच टेबल, त्याच बाई, तोच चष्मा.

दोष क्रमांक एक: अर्जातले शब्द

माझ्या पहिल्या अर्जात तीन शब्द घातक होते. कॅश, लपवणे, आणि अनोळखी लोक. कार्यालयात बसलेल्या माणसाच्या जागी जाऊन तो अर्ज वाचा: "सार्वजनिक बागेत कॅश लपवणार, अनोळखी लोक येऊन शोधणार." बसस्टँडवर अख्खा जन्म आपण ऐकतोय, बेवारस वस्तूला हात लावू नका, पोलिसांना कळवा. आणि इथं एक बाई चक्क बेवारस वस्तू ठेवायची परवानगी मागतेय. मी असते तर मीही तो कागद गठ्ठ्याखाली सरकवला असता.

नंतर डोक्यात प्रकाश पडला तो हा की अधिकाऱ्याच्या दृष्टीनं डबा लपलेला नसतोच. तो खेळाडूंपासून लपलेला असतो. अधिकाऱ्याला आपण जागा, फोटो, आकार, आतल्या वस्तू, आपलं नाव, मोबाईल सगळं देतो. मग "लपवणे" हा शब्द अर्जात हवाच कशाला? तो खेळाडूंसाठीचा शब्द. अर्जात "ठेवणे" लिहायचं, आणि त्यात खोटं काही नाही.

माझा दुसरा अर्ज, जो चालला, तो जसाच्या तसा देते. गाळलेल्या जागा भरून घ्या.

*प्रति, मा. ………… (बाग ज्यांच्या ताब्यात आहे ते अधिकारी) यांस,*

*विषय: ………… उद्यानात मैदानी खेळासाठी एक लहान पारदर्शक डबा प्रायोगिक तत्त्वावर एक वर्ष ठेवण्यास ना हरकत मिळणेबाबत.*

*महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करते की, जीपीएसच्या साह्याने ठिकाण शोधण्याचा एक विनामूल्य व अव्यावसायिक खेळ जगभर खेळला जातो. त्यासाठी उद्यानात सोबतच्या छायाचित्रात दाखविलेल्या जागी ९०० मिलिलिटरचा पारदर्शक डबा ठेवावयाचा आहे. डब्यात नोंदवही, पेन्सिल व माहितीपत्रक याखेरीज काही असणार नाही. डबा जमिनीत पुरण्यात येणार नाही, झाडास खिळा, तार वा दोरी लावण्यात येणार नाही. डब्यावर माझे नाव व मोबाईल क्रमांक असेल. खेळाडू फक्त उद्यानाच्या वेळेत येतील, असे खेळाच्या माहितीत नमूद करण्यात येईल. डब्याची पाहणी दर पंधरा दिवसांनी मी स्वतः करीन. आपल्या कार्यालयावर कोणताही आर्थिक भार पडणार नाही. आपली सूचना मिळाल्यापासून ४८ तासांत डबा काढून घेण्याची हमी देते. तरी ना हरकत मिळावी, ही विनंती.*

*सोबत: १) जागेची तीन छायाचित्रे २) नकाशा ३) ओळखपत्राची प्रत.*

यातली किल्ली कुठली म्हणाल, तर "प्रायोगिक तत्त्वावर". सरकारी मराठीत या दोन शब्दांइतकं धीर देणारं दुसरं काही नाही. त्यांचा अर्थ असा की फसलं तर कुणाची मान अडकत नाही. त्याखालोखाल "आर्थिक भार पडणार नाही". या ओळीनं कागद हिशेबाच्या टेबलाकडं जायचा थांबतो. माझा पहिला अर्ज नेमका तिथंच गेला होता हे आठवा. "परवानगी" ऐवजी "ना हरकत" लिहिलंय तेही जाणूनबुजून. परवानगी द्यायची म्हटलं की कुठल्या नियमाखाली देऊ हा प्रश्न येतो, आणि जिओकॅशसाठी असा नियम कुठल्याच पुस्तकात नाही. ना हरकत म्हणजे आमची आडकाठी नाही, एवढंच.

फोटो तीन लागतात म्हणजे लागतातच. एक गेटातून, एक दहा पावलांवरून, एक अगदी जवळून, बोट दाखवून. माझ्या भाच्यानं पहिल्या वेळी नुसतीच पारिजातकाची फुलं टिपली होती, सुंदर. जागा कुठं आहे ते त्यातून देवालाही कळलं नसतं.

आवक, टिप्पणी आणि टपाल

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक त्यांच्याकडं, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का. ही पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. ईमेल पाठवला, व्हॉट्सॲपवर टाकलं, याला अर्थ नाही. आठवड्यानं जा आणि "माझ्या अर्जाचं काय झालं" असं विचारू नका. "आवक क्रमांक अमुक, टिप्पणी कुणाकडं आहे?" असं विचारा. या प्रश्नानं समोरचा माणूस रजिस्टर उघडतो. पहिल्या प्रश्नानं फक्त मान हलते.

मार्चमध्ये जाऊ नका. वसुलीच्या दिवसांत तुमच्या डब्याकडं बघायला कुणाला फुरसत नसते, आणि नसणारच. निवडणुकीच्या काळात निम्मा कर्मचारीवर्ग दुसऱ्याच कामाला असतो. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आगेमागे, म्हणजे डिसेंबरअखेर ते जानेवारी, सुद्धा नको. पावसाळा बरा. वृक्षारोपणाचे दिवस असतात, उद्यानवाले खुशीत असतात.

साहेब "ठेवा की, कोण काय म्हणतंय" असं तोंडी म्हणाले तर? आनंद आहे, पण ते साहेब बदलून जातात. मी त्याच दिवशी एक पत्र नेऊन देते: "दि. अमुक रोजी झालेल्या चर्चेनुसार आपण हरकत नसल्याचे सांगितले, त्यानुसार डबा ठेवत आहे, काही आक्षेप असल्यास कळवावे." आवक शिक्का घेते. ही परवानगी नव्हे, पण नुसत्या हवेतल्या शब्दापेक्षा बरीच वजनदार. परीक्षकालाही सांगता येतं की कुणाशी, कधी बोलणं झालं.

उत्तर अजिबातच येत नसेल तर माहिती अधिकार आहेच. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा, "माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली" विचारा, ३० दिवसांत उत्तर यायला हवं. मी स्वतः ते अजून वापरलेलं नाही आणि वापरावं असंही वाटत नाही. फ्लॅटची नोंद असती तर गोष्ट वेगळी. इथं डबा त्यांच्याच बागेत वर्षभर राहणार, त्यांच्याच माणसांच्या हाताखाली. धाकानं मिळवलेली सही तिथं उपयोगाची नाही.

साहेब काय विचारतात

मला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा पाच-सहा मिनिटं मिळाली. खेळाची माहिती त्यांनी ऐकलीच नाही. विचारलं ते असं.

"झाडाला काय करणार?" काही नाही. खिळा नाही, दोरी नाही. डबा दगडी बाकाच्या पाठीमागच्या खोबणीत बसतो.

"लोक गवत तुडवतील." हा प्रश्न खरा आहे आणि त्याला खरं उत्तर हवं. मोबाईलचा जीपीएस उघड्यावर चार-पाच मीटर इकडं-तिकडं दाखवतो, दाट झाडाखाली त्याहून जास्त. म्हणजे शोधणारा दहा मीटरच्या घेरात फिरणार. त्या घेरात फुलांचा वाफा असेल तर महिन्यात पायवाट पडते. म्हणून जागा निवडतानाच बाक, पायरी, फरशी असलेली कडा बघावी. मी साहेबांना नकाशावर कंपासनं घेर काढून दाखवला, त्यात नुसती फरशी आणि मुरूम. तिथं ते पहिल्यांदा पुढं झुकले.

"उद्या कुणी त्यात भलतंच काही ठेवलं तर?"

याला पक्कं उत्तर नाही, आणि आहे असं भासवू नये. मी म्हणाले, साहेब, कुणी ठेवायचं ठरवलं तर कचराकुंडीतही ठेवेल. आपण एवढंच करू शकतो की डबा पारदर्शक ठेवायचा, म्हणजे उघडायच्या आधीच आत काय आहे ते दिसतं. वर मोठ्या अक्षरात मजकूर लिहायचा. आणि पोलीस ठाण्यात आधीच माहिती द्यायची. त्यांना मी इंग्लंडातल्या वेदर्बी गावचा किस्सा सांगितला: २०११ मध्ये तिथं एका कॅफेबाहेर ठेवलेला असाच डबा पोलिसांना संशयास्पद वाटला आणि बॉम्बनाशक पथकानं तो उडवून दिला. भाचा म्हणतो, हे सांगायला नको होतं. मला वाटतं सांगावंच. जोखीम आपल्याला माहीत आहे हे दिसलं की समोरचा निर्धास्त होतो.

त्यानंतर त्यांनी विचारलं, "आमचा काय फायदा?" इथं माझी पूर्वतयारी होती. या खेळात कचरा उचलण्याचे कार्यक्रम ठरवून होतात, जगभर होतात. मी म्हणाले, वर्षातनं दोनदा आम्ही दहा-बारा जण येऊन बाग झाडू, पिशव्या आमच्या. खरं सांगायचं तर आम्ही त्या वेळी दहा-बारा नव्हतोच, पाच होतो. बाकीचे शेजारीपाजारी धरून आणले.

पोलीस ठाणं

थोडक्यात: परवानगी मागू नका, माहिती द्या. "माहितीस्तव" असा शब्द, डब्याचा फोटो, ना हरकत पत्राची झेरॉक्स, आपला नंबर. पोच घ्या आणि निघा. गड्ड्याची यात्रा, गणपती, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, आणि १२ जानेवारी (सोलापूरच्या चार हुतात्म्यांना १९३१ साली त्याच दिवशी फाशी दिली होती), या दिवसांच्या आसपास शहरात बंदोबस्त असतो. मध्यवर्ती भागातला डबा असेल तर मी तो संकेतस्थळावर तात्पुरता बंद करते आणि घरी आणून ठेवते. किंक्रांतीनंतर, गर्दी ओसरली की, परत. असा तात्पुरता बंद ठेवलेल्या डब्याला साधारण चार आठवडे चालतात, त्यामुळं परीक्षकही कुरकुर करत नाही.

दोष क्रमांक दोन: कागद आहे, डबा नाही

आता खरं दुखणं. पत्र मिळालं, पेढे वाटले, डबा ठेवला. पंधरा दिवसांनी पाहणीला गेले तर खोबण रिकामी. दुसरा ठेवला. तोही गेला. तिसऱ्या वेळी मी बाकावर बसून राहिले. थोड्या वेळानं माळीमामा आले, हौदाच्या कट्ट्यावर बसून भाकरी सोडली, आणि पिशवीतनं डबा काढला. माझाच, निळ्या क्लिपांचा. आत शेंगाचटणी.

"मामा, हा डबा..."

"चांगलाय की ओ. झाकण घट्ट बसतंय, तेल गळत नाही. त्या बाकड्यामागं कोन तर टाकून गेलतं. दोन सापडले."

"माझे आहेत ते."

"मग टाकताय कशाला?"

अधिकाऱ्याला पत्र होतं, परीक्षकाला पत्र होतं, पोलिसांना पत्र होतं. जो माणूस रोज सकाळी त्या बाकामागं झाडू घालतो त्याला कुणी काहीच सांगितलं नव्हतं. मी त्यांच्याशेजारी बसून सगळं सांगितलं, मोबाईलवर बाण फिरवून दाखवला. त्यांनी चटणी पुढं केली. मग म्हणाले, "त्या खोबणीत पाणी जातंय पावसाळ्यात. हिकडं ठेवा," आणि पायरीखालची एक कोरडी जागा दाखवली. ती मला चार महिन्यांत दिसली नव्हती. जागा बदलली म्हणून साहेबांना नवा फोटो नेऊन दिला, परीक्षकाला नवे अक्षांश-रेखांश कळवले. तो डबा तिथंच आहे. आधीचे दोन मामांकडं, चटणीसाठी.

म्हणून क्रम असा ठेवा: पहिल्यांदा मामा, मग मावशी, म्हणजे झाडलोट करणाऱ्या बायका, मग वॉचमन, आणि मग साहेब. खालून वर. वरून पत्र आलं आणि मामांना ते दुसऱ्याकडून कळलं, तर त्यांना वाटतं आपल्यावर लक्ष ठेवायला काहीतरी बसवलंय.

ठेका बदलला की माणसं बदलतात, हेही धरून चाला. पत्राची झेरॉक्स लॅमिनेट करून वॉचमनच्या खोलीत खिळ्याला अडकवून ठेवलीय, डब्याच्या फोटोसकट. नवा माणूस आला की पुन्हा एकदा चहा.

डब्यावरचा मजकूर मराठीतच हवा. बाजारात मिळणारे इंग्रजी स्टिकर मामांच्या काय कामाचे? माझ्या डब्यावर आहे: "हा खेळाचा डबा आहे. यात वही आणि पेन्सिल आहे. धोका नाही. पाहून झाल्यावर इथंच ठेवा. अडचण वाटल्यास फोन करा," खाली नंबर. आपल्याकडं कन्नड आणि तेलुगू बोलणारे कितीतरी, म्हणून शेजारणीकडून त्या दोन्हींतही एकेक ओळ लिहून घेतली. पेन नको, पेन्सिलच. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात शाई वाळते, स्वस्तातलं प्लास्टिक तडकतं. पत्र्याचा डबा हाताला भाजतो आणि पहिल्या पावसात गंजतो.

परीक्षकाला काय द्यायचं

परीक्षकाला मराठी वाचता येईलच असं नाही. पत्राचा फोटो लावा आणि चार ओळींत इंग्रजीत सांगा: जागा कुणाची, पत्र कुणी दिलं, जावक क्रमांक, मुदत कधीपर्यंत. हे डब्याच्या पानावर "परीक्षकासाठी टीप" अशी जागा असते तिथं लिहायचं. प्रसिद्ध झाल्यावर ती टीप इतरांना दिसत नाही. पत्रावर अधिकाऱ्याचा वैयक्तिक मोबाईल असेल तर फोटो लावताना तो झाका.

जाता जाता एक गंमत. डबा शोधायला मदत म्हणून दिलेली सूचक ओळ संकेतस्थळ आपोआप उलटापालट करून दाखवतं, इंग्रजी मुळाक्षरं तेरा घरं पुढं सरकवून. देवनागरीला ती युक्ती लागू पडत नाही. म्हणून मराठीत लिहिलेली "पायरीखाली बघा" ही ओळ सगळ्यांना तशीच्या तशी दिसते. मी आठ महिने तसंच ठेवलं होतं आणि मनाशी म्हणत होते, लोकांना माझा डबा इतका पटकन कसा सापडतो.

काहीच जमत नसेल तर

ज्या बागेत हो येतच नाही, तिथं डब्याशिवाय काम भागवा. अनेक टप्प्यांच्या खेळात मधल्या टप्प्यांवर वस्तू ठेवावीच लागते असं नाही. पाटीवरचं साल, पुतळ्यांची संख्या, बुरुजाच्या पायऱ्या यांवरून आकडे काढायला लावायचे. बागेत काहीही न ठेवता लोक बाग बघून जातात. शेवटचा डबा मात्र तुमच्या ओळखीच्या माणसाच्या जागेत, त्याच्या संमतीनं. माझा दुसरा डबा असाच आहे. टप्पे सगळे गावात, डबा एका काकांच्या अंगणाच्या भिंतीत. काका निवृत्त आहेत, कुणी आलं की आत बोलावून ताक देतात. खेळाच्या नियमात ताकाचं काही नाही. दुकानाच्या भिंतीत ठेवणार असाल तर पानावर दुकानाची जाहिरात येऊ देऊ नका, ते चालत नाही.

राहता राहिलं नूतनीकरण. वर्ष संपायच्या महिनाभर आधी अर्ज द्यायचा आणि विषयाखाली "संदर्भ" अशी ओळ घालून मागच्या पत्राचा जावक क्रमांक व तारीख लिहायची. संदर्भ असला की जुनी फाईल निघते, तिच्यावरच पुढची टिप्पणी चढते. माझं दुसऱ्या वर्षाचं पत्र नऊ दिवसांत आलं. संदर्भ नसेल तर कागद पुन्हा पहिल्या टेबलावर जातो आणि कुणीतरी पुन्हा विचारतं, कॅश किती. म्हणून तो क्रमांक मी डब्याच्या झाकणाला आतून मार्करनं लिहून ठेवलाय. पत्र हरवेल, झाकण मामा हरवू देणार नाहीत.